जिनिंगच्या आवारात बंब पोचेपर्यंत

दिवाळी सरली की जिनिंगच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. रात्रभर थंडीत थांबायचं, सकाळी काटा करायचा, मग माल गंजीवर खाली होतो. कापूस तुमच्या डोळ्यांआड होतो खरा, पण चुकारा हातात पडेपर्यंत जीव त्या गंजीतच अडकलेला असतो. म्हणून जिनिंगमधली आग हा केवळ मालकाच्या घरचा विषय नाही. तुमचा माल, रेच्यावर काम करणाऱ्या बायाबापड्या आणि आवाराला खेटून असलेली गावातली घरं, सगळंच त्यात येतं.

ही आग लागते कशी, ते आधी बघा. वेचणीत किंवा वाहतुकीत कापसात खडा, खिळा, तारेचा तुकडा येतो. तो रेच्याच्या किंवा कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राच्या लोखंडावर घासला की ठिणगी उडते. पंख्याच्या ओढीनं ती पाइपातून रुईबरोबर पुढच्या खोलीत जाते. तिथं ज्वाळा दिसेलच असं नाही. रुई आतल्या आत धुमसत राहते, कधी तशीच दाबली जाऊन १७० किलोच्या गाठीत बंद होते. गाठ गोदामात रचल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनीसुद्धा, धूर दिसतो. रात्री ‘आपोआप’ लागली म्हणतात त्या आगीचं मूळ असं आधीच्या पाळीत असू शकतं. याशिवाय तापलेलं बेअरिंग, उडालेली रुई बसलेली मोटार, सैल वायर, फ्यूजच्या जागी घातलेली जाड तार, ट्रॅक्टरच्या धुरांड्यातली ठिणगी, गंजीशेजारचं वेल्डिंग ही कारणं आहेतच. विडीचं वेगळं सांगायला नको.

आता आग लागली की आपण काय करतो? बंबाला फोन. बंब असतो नगरपालिकेचा, नाहीतर एमआयडीसीचा. निरोप जाणार, गाडी निघणार, वाटेत रेल्वेचं फाटक लागणार, म्हणजे अर्धा तास सहज गेला. आणि मोकळ्या कापसावरून आग वाऱ्यासारखी धावते. सबब, खेड्यातल्या कारखान्यात पहिला अर्धा तास आवारात जे आधीपासून आहे त्याच्याच भरवशावर काढावा लागतो.

हा बंदोबस्त दोन तऱ्हेचा असतो. एक उभा बंदोबस्त: भिंत, दरवाजा, दोन इमारतींमधली मोकळी जागा. तो चालू करावा लागत नाही, चोवीस तास उभाच असतो. दुसरा धावता बंदोबस्त: घंटा, पंप, पाण्याचे नळ, छतावरचे फवारे, लाल नळकांडी. याला वीज, पाणी आणि माणूस लागतो. तज्ज्ञ मंडळी यांना निष्क्रिय आणि सक्रिय यंत्रणा म्हणतात. शहरात दोन्हींना सारखं महत्त्व असेल. गावात मात्र मी उभ्या बंदोबस्ताला आधी मान देईन, कारण तो भारनियमनात बंद पडत नाही.

रेच्यांचं शेड आणि गाठींचं गोदाम यांच्यात नऊ इंची विटांची भिंत असली, तर ती आगीला काही तास अडवू शकते. पण ती नीट बांधलेली हवी. बऱ्याचदा भिंत छताच्या कैचीपर्यंत येऊन थांबते आणि वर हातभर फट राहते. आग त्या फटीतूनच पलीकडे उतरते. भिंत टिनपत्र्यांच्या वर निघालेली पाहिजे. तिच्यातून रुईचा पाइप किंवा केबल गेली असेल, तर भोवतीचं भोक न जळणाऱ्या मालानं बुजवलेलं पाहिजे. भिंतीतला आगरोधक दरवाजा महागाचा असतो, अन्‌ त्याला दगड लावून दिवसभर उघडा ठेवलेला असतो! असा दरवाजा असून नसल्यासारखाच.

लोखंडी कैची जळत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. साधारण ५५० अंश सेल्सियसला पोलादाची ताकद निम्म्यावर येते. कैच्या वाकतात, पत्रे खाली येतात, आणि आत माल काढायला गेलेली माणसं सापडतात. छत लवताना दिसलं की आत कुणालाही जाऊ देऊ नका, माल कितीही मोलाचा असो.

गंज्यांचंही तसंच. हंगामाच्या भरात जागा पुरत नाही, मग दोन गंज्यांची एक होते, ती विजेच्या तारांखाली आणि कुंपणाच्या भिंतीपर्यंत पसरते. दोन गंज्यांमध्ये बंब शिरून वळेल एवढी वाट मोकळी हवी, आणि त्या वाटेवर सांडलेला कापूस रोज झाडून काढलेला हवा. पांढरा पट्टा राहिला तर तीच वात होते.

माणसांच्या वाटेबद्दल तर हयगय नकोच. ७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथं एका रासायनिक कारखान्याला आग लागली. त्यात पंधराहून अधिक कामगार गेले, बहुतेक बायका. सुटकेसाठी यंत्रानं भिंत फोडावी लागली होती. कारखाना वेगळ्या मालाचा होता, पण गाव आपल्यासारखंच. जिनिंगमध्ये कामाच्या वेळी प्रत्येक शेडला समोरासमोर दोन वाटा उघड्या हव्यात, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. चोरीच्या भीतीनं मागचं दार साखळीनं बांधणं आणि परगावचे मजूर मुलाबाळांसह गोदामाच्या आडोशाला निजवणं, या दोन गोष्टी दिसल्या तर सरपंचांनी तिथल्या तिथं बोललं पाहिजे.

आता धावता बंदोबस्त. टाकी भरलेली आहे का, हे वर चढून बघावं लागतं, कागदावर बघून भागत नाही. आग लागली की पहिली वीज तोडतात, म्हणून नुसता विजेचा पंप कामाचा नाही, डिझेलचा जोड हवा. तो आठवड्यातून एकदा चालवून बघायचा. पाण्याचे होज उंदरांनी कुरतडलेले आणि पेटीची किल्ली ऑफिसात कुलूपबंद, अशी उदाहरणं काही कमी नाहीत. गोदामात छताला फवारे असतील, तर त्यांतली काचेची कुपी ठरावीक उष्णतेला, नेहमीच्या लाल कुपीत ६८ अंशांना, फुटते आणि त्याच जागी पाणी सुरू होतं. चांगली सोय आहे. मात्र गाठी फवाऱ्याला टेकेपर्यंत रचल्या, तर पाणी पसरत नाही. किमान दीड-दोन फूट जागा सोडा. रुईच्या पाइपात ठिणगी ओळखून माल बाजूला फेकणारी यंत्रणाही मिळते. पैसे कुठं घालावे असं मालकानं विचारलं, तर टाकी-पंपानंतर मी हिचंच नाव घेईन.

लाल नळकांड्याचं खरं बळही समजून घ्या. सहा किलोचं पावडरचं नळकांडं जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघायचं, पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची. पावडरनं वरची ज्वाळा बसते, पण आतला निखारा राहतो. तेव्हा कापसावर मागाहून पाणी लागतंच. विजेच्या पेटीवर मात्र पाणी मारू नका, तिथं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं ठेवा.

पाणी मारायचीही रीत आहे. कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळं पाणी आधी वरून ओघळून जातं. पाण्यात भिजवण द्रव्य मिसळलं तर ते आत मुरतं. जोराची सरळ धार मारली, तर पेटते पुंजके उडून शेजारच्या गंजीवर पडतात. तुषार मारा, आणि जळता भाग लोडरनं ओढून मोकळ्यावर पसरवून विझवा.

कागदांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यायचं असतं. जुलैत कारखाना थंड असतो, जानेवारीत ऐन भरात. जानेवारीचा कागद जरा निरखून वाचावा. ग्रामसेवक म्हणा की ग्रामपंचायत अधिकारी, त्यांनी प्रमाणपत्र पाहायला मागितलं तर त्यात वावगं काही नाही.

तुम्ही काटा झाल्याबरोबर काटापट्टी खिशात घाला. तारीख, वजन, गाडी नंबर आहे ना बघा. आवारातला, चुकारा न झालेला कापूस विम्यात धरला आहे का, हेही मालकाला सरळ विचारा. विमा पॉलिसीत लिहिलेल्या मालाचाच मिळतो. आणि घरून निघतानाच कापसातले खडे, तारा, सुतळीचे तुकडे काढा. त्यानं प्रतही सुधारते.

ग्रामपंचायतीनं हंगामाआधी एक दिवस काढावा. कारखान्याजवळची विहीर, शेततळं, बंब भरता येईल अशी जागा कुठं आहे ते ठरवावं. फाट्यापासून आवारापर्यंत बंब अडेल असा लोंबता केबल किंवा अरुंद मोरी आहे का, ते चालत जाऊन पाहावं. नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर १०१ आणि ११२ बरोबर फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. पहारेकऱ्याला तो अंधारात वाचता आला पाहिजे, तेव्हा वर एक दिवा हवा.

आग विझल्यावर शेकलेल्या गाठी पुन्हा गोदामात ठेवू नयेत. बाहेर एकेक सुट्या, एकमेकींपासून लांब मांडाव्यात आणि काही दिवस रात्रीची राखण ठेवावी. हात लावून गार वाटली तरी पोटात धग असू शकते.