गाडीखाली मेलेले हरीण आणि घड्याळाचा काटा

हिवाळ्यात अलास्कातले मूस जंगल सोडून रस्त्यावर येतात. मूस म्हणजे घोड्याहूनही उंच असे हरीण. कमरेइतक्या बर्फातून वाट काढण्यापेक्षा यंत्राने साफ केलेला रस्ता त्यांना बरा वाटतो. दिवस लहान, अंधार लवकर, त्यात अंगाचा रंग काळपट. गाडीच्या दिव्यात जनावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा धडकांत दरवर्षी शेकडो मूस मरतात. मेलेला प्राणी सरकारच्या मालकीचा ठरतो आणि मग पोलिसांकडून फोन जातो तो आधीच नाव नोंदवून ठेवलेल्या धर्मादाय संस्थेला किंवा कुटुंबाला. त्यांनी ताबडतोब येऊन शव उचलायचे. पूर्ण वाढलेल्या नरापासून सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस मिळते. एका घराचा हिवाळा त्यावर निघतो.

आपल्याकडे हे ऐकून अंगावर काटा येईल. पण विज्ञानाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. जनावर कशाने मेले यापेक्षा ते मेल्यावर किती वेळ गेला आणि तेव्हा हवा किती गरम होती, यावर मांसाचे भवितव्य ठरते.

जिवंत हरणाचे शरीर ३८-३९ अंश सेल्सिअस असते. मृत्यूनंतर स्नायूंना प्राणवायू मिळत नाही. त्यांत साठलेल्या ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल तयार होते, मांस आम्लधर्मी होते आणि जीवाणूंची वाढ मंदावते. धडकेत जनावर जागीच गेले तर हा साठा शाबूत असतो. जखमी होऊन तासन् तास तडफडले तर तो आधीच खर्ची पडतो, मांस काळसर होते आणि लवकर खराब होते. म्हणजे वरून सारखी दिसणारी दोन हरणे आतून सारखी नसतात.

खरा धोका पोटात आहे. रवंथ करणाऱ्या जनावराचे पहिले पोट म्हणजे आंबवण्याचा मोठा रांजणच, आणि तो जनावराबरोबर मरत नाही. आतले जीवाणू काम करत राहतात, वायू साठतो, पोट फुगते, वर जाड कातडी उष्णता कोंडून ठेवते. कत्तलखान्यात रक्त काढले जाते आणि आतडी लगेच बाजूला होतात. इथे रक्त आतच राहते. धडकेने आतडे फुटले असेल तर ई. कोलाय आणि साल्मोनेला थेट मांसात मिसळतात. ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात असे जीवाणू झपाट्याने वाढतात, अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पटही होतात. म्हणून जाणकार आधी पोट तपासतात, रक्त साकळलेला भाग कापून टाकतात आणि धड लवकरात लवकर थंड करतात. उणे तापमानात निसर्गच शीतपेटीचे काम करतो. उन्हाळ्यात ही सवलत नाही.

एक धोका मात्र घड्याळालाही जुमानत नाही. हरणांना होणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसला. तो प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो आणि हे प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित जनावर खाऊ नये असाच अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. शिवाय जखमी जनावराला पेंटोबार्बिटल टोचून मारले असेल तर ते औषध मांसात उरते. ते कोणी खाऊ नये, कुत्र्यानेसुद्धा.

ऑरेगॉनने १ जानेवारी २०१९ पासून गाडीखाली मेलेली हरणे आणि एल्क नेण्याची परवानगी दिली. अट अशी, की शव संपूर्ण हलवायचे आणि शिंगांसह डोके कामकाजाच्या पाच दिवसांत वन्यजीव खात्याकडे जमा करायचे. त्या डोक्यातून रोगाची तपासणी होते आणि शिंगांच्या लोभाने कोणी मुद्दाम गाडी घालण्याचा मोहही उरत नाही. माँटानाने २०१३ साली कायदा करताना हरीण, एल्क, मूस आणि प्राँगहॉर्न एवढ्यांनाच मुभा दिली. अस्वल, रानमेंढा आणि फरवाले प्राणी वगळले. ज्याच्या अवयवांना बाजारात चढा भाव, त्याचा ‘अपघात’ घडवून आणणे सोपे असते. पक्ष्यांचा कायदा त्याहून कडक आहे. सापडलेले गरुडाचे पीसही तिथे ठेवून घेता येत नाही. मेलेले गरुड कोलोरॅडोतल्या सरकारी भांडाराकडे जातात आणि तिथून मूळ अमेरिकी जमातींच्या लोकांना धार्मिक कार्यासाठी दिले जातात.

जिथे फर घेण्याची परवानगी आहे, तिथेही काम वाटते तितके सोपे नाही. कातडीत कुजण्याची क्रिया सुरू झाली की केसांची मुळे सैल होतात आणि कमावताना फर मुठीमुठीने हातात येते. म्हणून कातडी लगेच सोडवायची, चरबी खरवडायची, मीठ चोळायचे. सोलणाऱ्याने हातमोजे घालायलाच हवेत. सशापासून टुलारेमिया, रॅकून किंवा स्कंकच्या लाळेतून रेबीज होऊ शकतो. शव थंड होऊ लागले की पिसवा ते सोडतात आणि जवळ जे उबदार शरीर असेल त्याकडे वळतात. ते शरीर सोलणाऱ्याचेच असते.

महाराष्ट्रात असला प्रयोग कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेला संरक्षित वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. तो कोणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. मांस वाटण्याची अलास्कासारखी सोय इथे नाही, आणि मे महिन्यातल्या विदर्भाच्या डांबरी रस्त्यावर ती चालणारही नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. हा विषाणू गोचिडींतून पसरतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या जमिनीवर उतरतात. त्यामुळे तिथे मेलेले माकड दिसले तर हात लावायचा नाही, जवळही जायचे नाही, आधी आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला कळवायचे.