काळा कोट चढवण्यापूर्वी

घरात कायद्याचे शिक्षण घेणारा मुलगा किंवा मुलगी असली, की शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात, "सनद कधी मिळणार?" सनदेशिवाय वकिली करता येत नाही, हे खरेच. विद्यार्थ्याला वकीलपत्र दाखल करता येत नाही आणि पक्षकारातर्फे न्यायालयात उभेही राहता येत नाही. पण म्हणून सनद मिळेपर्यंत त्याच्या हातात काहीच नाही, असे समजणे चुकीचे आहे. आपल्या बीड जिल्ह्यात तर त्याच्यासाठी कामाचा डोंगर पडला आहे. त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. मी विद्यार्थी असताना आमच्या वर्गाचे शिबिर शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात झाले. पारावर बसलेल्या गावकऱ्यांपुढे आम्ही मूलभूत हक्कांवर जोरदार भाषणे केली. टाळ्या पडल्या. माणसे उठू लागली, तेव्हा एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "दादा, मालक वारले. त्यांनी उचल घेतली व्हती. मुकादम म्हनतो आता तू फेड. मला फेडावीच लागंल का?"

ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांनी मिळून हंगामभर ऊस तोडायचा आणि ती फेडायची, अशी ही रीत. बाईच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकालाही येईना. वहीत तिचे नाव लिहून घेतले आणि "आठ दिवसांत येऊन सांगतो" असे म्हणालो. पुढे परीक्षा आली. दिवाळीनंतर त्या गावी गेलो, तेव्हा तिच्या घराला कुलूप होते. थोरल्या मुलीला शाळेतून काढून, तिच्या हाती कोयता देऊन ती कारखान्यावर निघून गेली होती.

उत्तर खरे तर अवघड नव्हते. मृताचे देणे वारसावर येते, ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. आणि कर्जापायी माणसाला दुसरीकडे कामाला जाण्याची मोकळीक उरली नसेल, तर ती वेठबिगारी ठरू शकते. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे. एखाद्याने कर्ज वेठबिगारीचे असल्याचा दावा केला, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर असतो. अर्थात प्रत्येक उचल वेठबिगारीत बसतेच असे नाही. रक्कम किती घेतली, कोणासमोर घेतली, किती टन ऊस तोडला, हिशेबात काय कापले, दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ दिले का, हे सगळे तपशील पाहावे लागतात. ते शांतपणे विचारून, तारखांसह लिहून काढण्याला सनद लागत नाही. कामगाराच्या सहीने किंवा अंगठ्याने तो अर्ज तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवता येतो आणि त्याची पोच घेता येते.

प्रकरण न्यायालयात न्यायची वेळ आली, तर वकील फुकट मिळतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५पासून अमलात आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मदत मिळते. म्हणजे त्या बाईला वकिलाच्या फीची चिंता करण्याचे कारण नव्हते. तिला हे सांगणारे मात्र कोणी नव्हते.

विद्यार्थ्यांनी या कामात शिरायचे कसे? पहिली वाट महाविद्यालयातील विधी सेवा केंद्राची. २०११च्या नियमांनुसार अशी केंद्रे चालवता येतात, आणि विद्यार्थ्यांना आसपासची गावेही त्यासाठी घेता येतात. दुसरी वाट विधी स्वयंसेवकाची, म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटियरची. ही योजना २००९ची. सनद घेईपर्यंत विद्यार्थी हे काम करू शकतो, आणि त्यासाठी प्रशिक्षणही मिळते. तिसरी वाट इंटर्नशिपची. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे ती करावी लागते. ते सगळे आठवडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या कचेऱ्यांतच घालवायला हवेत, असा दंडक नाही. स्वयंसेवी संस्थेतही ते घालवता येतात. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी उभी केलेली 'मानवलोक' आहे. गरिबांचे प्रश्न जवळून पाहायला लांब जायची गरज नाही.

ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय आपल्या जिल्ह्याला चटका लावून गेला. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाची चौकशी केली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. २०२३मध्ये ऊसतोड कामगारांच्या हलाखीची दखल मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील मजकुरावरून स्वतःहून घेतली. जनहित याचिका म्हटली की मोठ्या वकिलांचे युक्तिवाद डोळ्यांपुढे येतात. पण तिचा पाया असतो गावागावांतून गोळा झालेली खरी माहिती. रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा नियम आहे. किती बायकांकडे अशी कागदपत्रे आहेत? ती मागण्याचा साधा अर्ज लिहून देणे हेसुद्धा विद्यार्थ्याचेच काम.

मात्र तीन पथ्ये पाळावीत. निकालाची हमी देऊ नये. बाईने सांगितलेली गोष्ट चावडीवर सांगत फिरू नये, कारण मुकादम बहुधा त्याच गावचा असतो. आणि प्रश्न अडला, तर अंदाजाने उत्तर न देता आपल्या प्राध्यापकांना किंवा प्राधिकरणाच्या वकिलांना विचारावे.

आणि कामाचे वेळापत्रक परीक्षेचे नको, गावाचे हवे. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणून शिबिर घ्यायचे तर उचल वाटली जाण्याआधी, पावसाळ्यात घ्यावे. परतल्यावर हिशेब तपासायला पुन्हा जावे. एका वर्गाचे विद्यार्थी पास होऊन गेले, तर वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.

मी त्या गावी दुसऱ्यांदा गेलो, पण उशिरा. त्या वहीत तिचे नाव आणि प्रश्न होता, उत्तराची जागा कोरीच राहिली. आज कायदा शिकणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे, की भाषण थोडे कमी करा, पण पुन्हा येतो म्हणालात तर दिलेल्या दिवशी जा.