कुठल्या रात्रीची ही टेप?

लेड झेपेलिनचा ढोलिया जॉन बॉनहॅम १९८० साली गेला आणि बँड थांबला. दोन वर्षांनी उरल्यासुरल्या मुद्रणांचा 'कोडा' हा अल्बम आला. पहिलं गाणं 'वुई आर गॉना ग्रूव्ह'. वेष्टनावर छापलं होतं : मॉर्गन स्टुडिओ, जून १९६९. प्रत्यक्षात ते ९ जानेवारी १९७० ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भर कार्यक्रमात वाजलेलं. प्रेक्षकांचा आवाज पुसला होता, गिटार नंतर वरून भरली होती. २००३ मध्ये त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून कुणालाही पडताळता आलं.

बँडच्या स्वतःच्या वेष्टनाची ही गत, तर चोरून केलेल्या टेपांची काय कथा! ४ सप्टेंबर १९७० ची लॉस एंजेलिस फोरममधली मैफल 'लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल' या नावाने बेकायदा तबकडीवर आली. ती नशीबवान; तिची तारीख पक्की आहे. बऱ्याच कॅसेटींवर मात्र शहर चुकीचं, साल अंदाजाचं, आणि दोन रात्रींचे तुकडे एकत्र सांधलेले. त्यामुळे टेपची खरी रात्र शोधू पाहणारे शोधक लेबल बाजूला ठेवून कानावर भिस्त ठेवतात.

सुरुवात कशाने झाली, हे आधी पाहायचं. 'इमिग्रंट सॉन्ग' असेल तर १९७० चा मध्य ते १९७२ चा पूर्वार्ध. १९७२ च्या शरदापासून १९७५ पर्यंत 'रॉक अँड रोल'. १९७७ मध्ये 'द सॉन्ग रिमेन्स द सेम'. १९८० च्या युरोप दौऱ्यात 'ट्रेन केप्ट अ-रोलिन'. एवढ्याने कालखंड हाती लागतो, रात्र लागत नाही. रात्र सापडते ती गायक रॉबर्ट प्लँटच्या दोन गाण्यांमधल्या बडबडीत, नाहीतर चुकांमध्ये. बिनचूक वादन इथे फारसं उपयोगाचं नाही. अडखळलेला सूर मात्र बोटांच्या ठशासारखा.

माझं आवडतं उदाहरण खरोखरच बोटाचं आहे. जानेवारी १९७५ मध्ये गिटारवादक जिमी पेजचं डाव्या हाताचं बोट रेल्वेच्या दारात चेंगरलं. मग अर्ध्या तासापर्यंत लांबणारं 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' वगळावं लागलं आणि जुनं 'हाउ मेनी मोर टाइम्स' परत आलं. फेब्रुवारीत पेज सावरला, तसं ते पुन्हा गेलं. 'काश्मीर' तर त्या जानेवारीतच मंचावर आलेलं. म्हणून 'हाउ मेनी मोर टाइम्स' आणि 'काश्मीर' ही दोन्ही गाणी एकाच, न सांधलेल्या टेपवर असतील, तर ती टेप त्या मोजक्या आठवड्यांतलीच. दुसरा पुरावा लागत नाही.

पट्टीचा घोळ वेगळाच. मुद्रण करताना बॅटरी उतरत गेली की टेप सावकाश सरकते. नंतर योग्य वेगाने लावली की सूर चढलेला. मैफलींच्या जुन्या कॅसेटी जमवणाऱ्या आपल्या रसिकांना हे नवं नाही : काळी एकचा गवई काळी दोनमध्ये गातो! झेपेलिनचे शोधक गाण्याची मूळ पट्टी धरून वेग दुरुस्त करतात, आणि मगच दोन प्रती एकाच रात्रीच्या आहेत का ते ताडून पाहतात.

सगळेच मुद्रक गचाळ नव्हते. 'माइक द माइक' या टोपणनावाचा एक पठ्ठ्या आपलं जड नाकामिची यंत्र व्हीलचेअरमध्ये लपवून फोरममध्ये न्यायचा. २१ जून १९७७ ची त्याची टेप आजही प्रेक्षकांतून केलेल्या मुद्रणांत अव्वल मानली जाते, आणि ते योग्यच आहे.

आता आपल्या गावचं. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' मुद्रित केली. ती टेप बरीच वर्षं चोरवाटांनी फिरली. अधिकृतपणे २०१५ मध्ये 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत आली. त्याच वर्षी दोघं कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' डिस्कोत उसन्या वाद्यांवर वाजवूनही गेले. तुमच्या माळ्यावर त्या काळातलं मुंबईचं एखादं स्पूल पडलं असेल, तर कृपया भंगारात घालू नका. घाईने वाजवूनही पाहू नका. जुनी टेप तुटते. जाणकाराकडे न्या, आणि डबीवरचा मजकूर, चुकीचा वाटला तरी, तसाच राहू द्या.