गिझरचा आवाज : त्याचीं कारणें व उपाय

खेड्यांतील घरांत एके काळीं न्हाणीघराच्या कोपऱ्यांत तांब्याचा बंब असे व त्याच्या शेजारीं बंबफोडीचा ढीग असे. आतां पुष्कळ बागाईतदारांच्या घरीं गच्चीवर टाकी बसली आहे, बोअरचें पाणी पंपानें तींत चढतें आणि न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा गिझर टांगलेला असतो. ही सोय चांगली आहे. परंतु दोन-तीन वर्षें होतात न होतात तोंच हा गिझर बोलूं लागतो. कोठें तो ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसा तडतडतो, कोठें गुरगुरतो, तर कोठें सुस्कारे टाकतो. कांहीं मंडळी या आवाजाकडे दुर्लक्ष करतात, तर कांहीं घाबरून चांगला गिझर मोडींत घालतात. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसुली दप्तरांत झाली. त्या खात्याचा शिरस्ता असा कीं, आधीं जागेवर पाहणी, मग पंचनामा आणि त्यानंतर निकाल. गिझरच्या बाबतींतही हाच क्रम धरावा, म्हणजे खर्च वांचतो व धोका असल्यास वेळीच कळतो.

आवाज कां होतो ?

आधण ठेवलें म्हणजे उकळी फुटण्यापूर्वी भांडें गाऊं लागतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तळाशीं वाफेचे बारीक बुडबुडे होतात. ते वरच्या थंड पाण्यांत शिरले कीं वाफेचें पुन्हां पाणी होऊन बुडबुडा एकदम मिटतो व त्याचाच तो आवाज असतो. गिझरमधील पाणी ठराविक उष्णतेस पोंचलें म्हणजे थर्मोस्टॅट वीज तोडतो. तेथें पाण्यास उकळी फुटण्याचें कारण नाहीं. तरीही तडतड ऐकूं येते, याचा अर्थ आंत कोठें तरी थोडें पाणी अडकून फाजील तापत आहे. हें पाणी अडकविणारा पदार्थ म्हणजे क्षाराची खपली होय.

पावसाचें पाणी मूळचें हलकें असतें. हवेंतून आणि विशेषतः मातींतून मुरतांना तें कार्बन डायऑक्साइड वायु शोषून घेतें व किंचित् आम्ल बनतें. असें पाणी खडकांतून व चुनखडींतून झिरपलें म्हणजे चुन्याचा अंश विरघळवून बरोबर नेतें. दख्खनच्या काळ्या पाषाणांत खणलेल्या विहिरींचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें तें यामुळेंच. हें पाणी तापविलें कीं तो वायु निघून जातो आणि विरघळलेला चुना पांढऱ्या खपलीच्या रूपानें तापलेल्या भागास चिकटतो.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. भारतीय मानक १०५०० प्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा दर लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, व दुसरें पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. समजा, एका घरच्या पाण्यांत तापविल्यावर खालीं बसणारा चुना लिटरास ३०० मिलिग्रॅम आहे आणि रोज ६० लिटर पाणी तापतें. म्हणजे रोज १८ ग्रॅम व वर्षास साडेसहा किलोंहून अधिक चुना गिझरांत येतो. पैकीं बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो; पण दहावा हिस्सा जरी मागें राहिला, तरी वर्षाकांठीं साडेसहाशें ग्रॅम दगड आंत सांठतो. ही खपली पाणी तापविणाऱ्या कॉइलवर बसते. तिच्या भेगांत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन खपली तडकते. लाह्यांचा आवाज तो हाच. खपलीमुळें कॉइलची उष्णता पाण्यांत लवकर उतरत नाहीं, म्हणून कॉइल स्वतः तापत राहते व अखेर जळते.

निरनिराळे आवाज कसे ओळखावे ?

पाणी तापत असतांना तडतड होत असेल, तर तें खपलीचें लक्षण होय. त्यांत तात्काळ धोका नाहीं. मात्र सफाई लांबवूं नये.

बटण दाबल्यावर किंवा पाणी निवत असतांना एखाददुसरी टिकटिक झाली, तर ती धातूच्या पसरण्या-आकसण्याची असते. तिची चिंता नको.

नळ झटकन् बंद केल्यावर भिंतींत धाडकन् ठोका बसत असेल, तर दोष गिझरचा नसून पाईपाचा आहे. धांवतें पाणी एकाएकीं अडलें म्हणजे तें पाईपास धक्का देतें. पाईप भिंतीशीं घट्ट बांधून घ्यावा व नळ सावकाश फिरवावा.

चूळ भरल्यासारखा गुळगुळ आवाज आला, तर पाईपांत हवा शिरली आहे असें समजावें व प्रथम टाकींत पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापवितांना थोडें पाणी ठिबकणें हा दोष नव्हे. २५ अंशांचें १५ लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत तापलें म्हणजे सुमारें पाव लिटरानें फुगतें. त्यास मागें टाकीकडे जाण्यास वाट नसेल, तर तें व्हॉल्व्हवाटेच बाहेर येणार. आमच्या गांवीं एका घरीं ही ठिबक थांबावी म्हणून व्हॉल्व्हच्या तोंडांत लाकडाची खुंटी ठोकलेली मीं पाहिली व तेथल्या तेथें वायरमनकडून ती काढविली. धरणाचा सांडवा बुजवावा तशांतला हा प्रकार आहे. पाणी सतत वाहत असेल तर व्हॉल्व्ह नवा बसवावा, पण त्याचें तोंड कधींही बंद करूं नये.

सर्वांत वाईट आवाज म्हणजे खोल गडगड, आणि नळ सोडतांच पाण्याबरोबर फुसकारत येणारी वाफ. अशा वेळीं थर्मोस्टॅट बिघडला असून आंतील पाणी उकळत आहे असें समजावें. ताबडतोब मेन स्विच बंद करावा, घरच्या मंडळींस न्हाणीघराबाहेर काढावें आणि गिझर आपोआप थंड होईपर्यंत त्याचा एकही स्क्रू हलवूं नये. एक लिटर पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारें १६०० लिटर जागा व्यापते. ती कोंडली गेली तर पत्र्याची टाकी तिच्यापुढें टिकत नाहीं.

ज्यांच्याकडे गॅसचा गिझर आहे, त्यांस पेटतांना ‘भप्प’ असा आवाज आल्यास बर्नर तपासून घ्यावा. असा गिझर बंद न्हाणीघरांत मुळींच नसावा. त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघूं शकतो. त्यास वास नसतो व रंगही नसतो, आणि आंघोळीस बसलेला मनुष्य हाक न मारतांच बेशुद्ध होतो.

सफाई कशी करावी ?

मेन स्विच बंद करून पाणी पूर्ण निवूं द्यावें. येणाऱ्या पाण्याची चावी बंद करून टाकी रिकामी करावी व माहितगार वायरमनकडून कॉइल काढवावी. खपली लाकडी पट्टीनें खरवडावी. लोखंडानें खरवडल्यास कॉइलचें कवच फाटतें. उरलेली खपली लिंबूफुलाच्या पाण्यांत भिजत घालावी. एक लिटर कोमट पाण्यास सुमारें ५० ग्रॅम लिंबूफूल पुरतें. फेस येऊं लागतो तो कार्बन डायऑक्साइडचाच असतो. फरशी धुण्याचें तीव्र ॲसिड वापरूं नये, कारण तें चुन्याबरोबर धातूही खातें. त्याच वेळीं आंतील मॅग्नेशियमची कांडी पाहावी. ही कांडी स्वतः झिजून टाकीस गंजापासून वांचविते. ती तारेएवढी उरली असेल तर नवी घालावी. रबरी वायसर बदलून, अर्थिंग तपासून सर्व पूर्ववत् बसवावें. गरम पाण्याच्या नळास अखंड धार लागल्याखेरीज वीज सुरू करूं नये. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवावा. त्यापुढें खपली झपाट्यानें बसते. खंडेनवमीस आपण अवजारें पुसून पुजतों. थंडीपूर्वीची ही सफाई त्याच सुमारास उरकून घेतली म्हणजे विसर पडत नाहीं.

शेतकऱ्यानें विशेष लक्ष द्यावयाची बाब

जें पाणी गिझरांत येतें, तेंच पुष्कळांच्या घरीं ठिबकच्या नळ्यांतूनही जातें. उन्हानें तापलेल्या नळींत तोच चुना ड्रिपरच्या बारीक तोंडाशीं बसतो आणि ओळींतील झाडें उगाच सुकूं लागतात. म्हणून ज्याचा गिझर तडतडतो, त्यानें आपले ड्रिपर उघडून पाहावे. बोअरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा व त्या अहवालाप्रमाणें ठिबकच्या आम्लप्रक्रियेचें प्रमाण जाणकारांकडून ठरवून घ्यावें.

दुसरी सूचना याहून महत्त्वाची आहे. पाणी हलकें करण्याचीं यंत्रें बाजारांत मिळतात. त्यांपैकीं मिठावर चालणारें यंत्र पाण्यांतील चुना काढून त्याच्या जागीं सोडियम घालतें. तें पाणी गिझरास सोयीचें असतें, पण काळ्या जमिनीस घातक असतें. सोडियमानें मातीचे कण सुटे होऊन जमीन चोपण होते व पाणी मुरत नाहीं. तेव्हां असें यंत्र बसविणाऱ्यानें त्याचें पाणी परसबागेस देऊं नये, आणि तें धुतांना निघणारें खारें पाणी बांधावरही सोडूं नये. त्यापेक्षां गच्चीवरील पावसाचें पाणी स्वच्छ टांक्यांत सांठवून शक्य तितके दिवस गिझरास द्यावें, हें स्वस्त व निर्धोक आहे.

सारांश, गिझर वाजूं लागला म्हणजे प्रथम आवाज ओळखावा, मग पाणी तपासावें आणि शेवटीं हत्यार हातीं घ्यावें. घरांतील तडतड ऐकून ज्यांनीं आपल्या विहिरीची परीक्षा केली असेल, त्यांनीं तो अनुभव शेजारच्या बागाईतदारासही सांगावा, एवढी विनंति आहे.