सर्व्हलेट एकच, रिक्वेस्ट अनेक

मागच्या भागात टॉमकॅट बसवून ८०८० पोर्टवर आपण पहिला सर्व्हलेट चालवला. (जुन्या पुस्तकातला कोड कंपाइल होत नसेल, तर इम्पोर्टच्या ओळी पाहा. टॉमकॅट १० पासून तिथे ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ लागतं.) आज त्याच्या पोटात शिरायचं आहे.

सर्व्हलेटच्या आधी सीजीआयचा जमाना होता. तिथे दर रिक्वेस्टला नवी प्रोसेस सुरू व्हायची आणि उत्तर देऊन संपायची. गर्दी वाढली की सर्व्हरचा निम्मा जीव प्रोसेस उभ्या करण्यातच जायचा. सर्व्हलेटने हे बदललं. कंटेनर सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एकदाच तयार करतो, त्याची ‘इनिट’ मेथड एकदाच चालवतो आणि पुढची प्रत्येक रिक्वेस्ट एकेका थ्रेडवर त्याच ऑब्जेक्टकडे पाठवतो. टॉमकॅटमध्ये असे थ्रेड, सेटिंग बदललं नाही तर, जास्तीत जास्त २०० असतात. वेग येतो तो यामुळे, आणि नवशिक्यांची सगळ्यात घातक चूकही इथेच होते.

ती नुसती वाचू नका, करून बघा. क्लासच्या पातळीवर ‘नाव’ हे स्ट्रिंग व्हेरिएबल घ्या. ‘डूगेट’मध्ये रिक्वेस्टमधून आलेलं नाव त्यात ठेवा, थ्रेडला पाच सेकंद झोपवा आणि मग ते नाव छापा. आता एका टॅबमध्ये ‘सुनंदा’ पाठवा आणि लगेच दुसऱ्या टॅबमध्ये ‘रघुनाथ’. दोन्हीकडे रघुनाथच उमटेल. सुनंदाचा थ्रेड झोपलेला असताना रघुनाथच्या थ्रेडने तेच व्हेरिएबल पुसून लिहिलं.

नावाच्या जागी पगाराची स्लिप असती तर? एकाचा पगार दुसऱ्याच्या स्क्रीनवर गेला असता. आपल्या मशीनवर एकटेच क्लिक करत असल्यामुळे हा दोष टेस्टिंगमध्ये सहसा सापडत नाही. म्हणून कोड लिहितानाच तो टाळायला हवा.

उपाय एका ओळीचा आहे: व्हेरिएबल मेथडच्या आत घ्या. लोकल व्हेरिएबल प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या स्टॅकवर असतं, दुसरा थ्रेड तिथे पोहोचत नाही. काही जण ‘सिंक्रोनाइज्ड’ लावून मोकळे होतात. मग चूक थांबते, पण सगळ्या रिक्वेस्ट एकामागे एक रांगेत लागतात आणि सर्व्हलेटचा फायदाच जातो. एका वेळी एकच थ्रेड आत सोडणारा ‘सिंगलथ्रेडमॉडेल’ हा इंटरफेस पूर्वी होता. स्पेसिफिकेशनच्या २.४ आवृत्तीने तो वापरू नये असं ठरवलं, ते योग्यच झालं.

डेटाबेस कनेक्शनही क्लासच्या पातळीवर ठेवू नका. तिथे एकाचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच्या कमिटमध्ये जातं आणि ते शोधताना रात्री जातात. त्यासाठी कनेक्शन पूल असतो.

लॉगिन केलेला माणूस पुढच्या रिक्वेस्टलाही ओळखू यावा, तर त्याची माहिती ठेवायची सेशनमध्ये. पुढच्या आठवड्यात तोच विषय घेऊ. तोवर एवढं तपासून ठेवा: एकाच ब्राउझरच्या दोन टॅबना सेशन मिळतं ते एकच की वेगवेगळं?