मोठा कुत्रा आणि फाटकाजवळची साखळी

“एवढं मोठं जनावर घरात? आत घेतलंत की राखण विसरेल.” जर्मन शेफर्ड नाहीतर लॅब्रडॉर आणला, की कुणी ना कुणी हे ऐकवतंच. इतक्यांदा ऐकलंय, की आता गप्प बसवत नाही.

कुत्रा नुसती जागा राखत नाही, आपली माणसं राखतो. माणसांत वावरणाऱ्याला पेपरवाल्याची पावलं कुठली आणि परकी कुठली, हे कळतं. फाटकाला बांधलेला मात्र सायकल, मांजर, वारा, सगळ्यांवर भुंकतो. थोड्याच दिवसांत घरातले लक्ष देईनासे होतात. आणि चोर आलाच, तर साखळी संपेल तिथे तो थांबतो!

“गावाकडे कुत्रे अंगणातच असायचे ना?” असायचे, पण मोकळे. दिवसा मागोमाग शेतावर, रात्री ओट्यावर माणसांच्या पायाशी. धनगराचा कुत्रा उघड्यावर राहतो, पण कळपासोबत. एकटा नसतो.

गेल्या एप्रिलमध्ये एका बंगल्यात रॉटवायलर पाहिला. साखळी पोचेल तेवढी माती गोलाकार घासून गुळगुळीत झालेली. फरशीवर बसून कोपरांना घट्टे. भांड्यातलं पाणी हाताला गरम लागलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता घालवतो. त्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस. उन्हात ते 41 च्या वर गेलं, तर जीव जाऊ शकतो. पत्र्याच्या पिंजऱ्यात भर मे महिन्यात काय होत असेल?

कायद्याचं म्हणाल, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960, कलम 11 वाचा. आखूड वा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, हाही.

फ्लॅट लहान पडतो? ग्रेट डेनसुद्धा घरात बराच वेळ झोपून असतो. त्याला पसरायला जागा आणि दोन वेळचं फिरणं हवं. उन्हाळ्यात भादरावं? दाट दुपदरी केस असतील तर नको, ते उन्हापासून कातडी वाचवतात. गोचीड? त्यावर डॉक्टरांचं औषध वेळेवर लावा.

त्या रॉटवायलरच्या मालकांशी तासभर बोललो. आता तो दिवाणखान्याच्या दाराशी गोणपाटावर झोपतो, आणि कुरिअरवाल्याने फाटकाची कडी काढण्याआधीच उठून बसतो.