वरातीत अजून वाजणारी दहा वर्षं

गेल्या उन्हाळ्यात वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)त एका वरातीत क्लॅरिनेटवाल्यानं 'शोला जो भडके' धरलं आणि नवरदेवाचे मामा पुढे आले. वय पासष्टीच्या पलीकडे. हात छातीशी, मनगटं सैल, खांदे हलकेच वरखाली, पावलं जागच्या जागी. मामांना नाच येत नाही. तो यायची गरजही नव्हती. ही रीत नाच न येणाऱ्यांच्याही अंगात सहज भिनते. ती रुजवणारा माणूस आपल्या शेजारचाच. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, आणि भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, १९१३ साली अमरावतीतच जन्मले.

त्यांचे जोडीदार सी. रामचंद्र, सगळ्यांचे अण्णा. जन्म १९१८चा, पुणतांब्याचा. गाण्याचे धडे मात्र नागपुरातही, शंकरराव सप्र्यांकडे घेतलेले. भगवानदादांच्या 'सुखी जीवन'ला १९४२ साली अण्णांचं संगीत होतं. पण अण्णांची खोडकर बाजू देशभर ऐकू गेली ती १९४७च्या 'शहनाई'तल्या रविवारच्या गाण्यानं. दोन वर्षांनी 'पतंगा' आला. रंगूनला गेलेला नवरा टेलिफोनवर बायकोशी बोलतोय, एवढ्याशा प्रसंगावर शमशाद बेगम आणि स्वतः अण्णा गायले. चितळकर या आडनावानं गाणारा तो आवाज त्यांचाच.

मग १९५१ला 'अलबेला'. वरातीतलं ते 'शोला जो भडके' यातलंच. दिग्दर्शक भगवानदादा, नायकही तेच, शेजारी गीता बाली. अंगानं जाड, चेहऱ्यानं साध्या माणसाला नाचताना बघून थिएटरातल्या प्रत्येकाला वाटलं, हे तर मलाही जमेल!

या गाण्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, संध्याकाळी हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा अण्णांच्या रेकॉर्डिंगला साथ द्यायचे. 'अलबेला'त ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. चाल अण्णांची, पण ट्रम्पेट कुठे घुसवायचा, बोंगो कुठे थांबवायचे, ही जाण या मंडळींच्या हाडात होती.

पश्चिमेकडे बिल हेलीनं रॉक अँड रोल घरोघरी नेलं, त्याच सुमाराला, १९५७ साली, 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' आलं. अंगणातल्या पोरांच्या राज्य घेण्याच्या बडबडीवरून ते सुचलं आणि अण्णांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणीतलं 'मला नको' घुसवलं, असं सांगतात. अर्थ शून्य, ठेका पक्का. किशोरकुमारनं गायलं आणि आशाताईंनीही.

या गाण्यांना उडती म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं भांडण आहे. 'अनारकली'च्या चाली बांधणारा हाच माणूस. चालता चालता, धाप लागलेली असताना, उन्हात ओठ सुकलेले असताना क्लॅरिनेटवर वाजवता येईल आणि पहिल्या चार सुरांत ओळखू येईल, अशी चाल बांधायला केवढी तयारी लागते, ते बँडवाल्याला विचारावं.

त्या दिवशी मंडप पन्नास पावलांवर आला, तेव्हा तो क्लॅरिनेटवाला थांबला, गमछ्यानं वाद्याचं तोंड पुसलं. मामांनी खिशातून वीसची नोट काढून त्याच्या टोपीत खोचली आणि म्हणाले, "भाऊ, अजून एक डाव, तेच."